धनत्रयोदशीची यादी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, दिवाळीपूर्व सभेत केलेले भाषण)



सणाच्या खरेदीवर चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मला थोडे हसूच आले. खरेदी हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे. तो पिशवी घेऊन घराबाहेर पडण्याचा विषय आहे. परंतु कोजागिरी सरली की आपल्या घरांतून ज्या विषयावर सर्वांत अधिक बोलणे होते, आणि क्वचित अबोलाही होतो, तो विषय हाच आहे. तेव्हा आज्ञा शिरसावंद्य मानून आपल्यापुढे उभी आहे.

काशीतल्या मराठी घराची दिवाळी दुहेरी असते, ही गोष्ट पुण्या-नागपूरच्या आप्तांना सहसा समजत नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूला आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या राहात आले. येताना त्यांनी आपली यादी बरोबर आणली : उटणे, सुवासिक तेल, चकलीची भाजणी, अनारशांचे पीठ, आकाशकंदील, भाऊबीजेची ओवाळणी. येथे रुळल्यावर काशीची यादीही आपलीशी केली. धनत्रयोदशीला ठठेरी बाजारातून निदान एक भांडे, पूजेला मातीची लक्ष्मी-गणेशाची जोडी, साखरेची खेळणी, आणि दिवाळीच्या दिवशी पानात सुरणाची भाजी. आपल्याकडे केरसुणी लक्ष्मीपूजनाला आणून पुजतात. येथे झाडू धनत्रयोदशीला घेतात. त्यामुळे अनेक घरांत दोन दिवसांत दोन लक्ष्म्या कोपऱ्यात उभ्या राहतात आणि एकही टाकून देववत नाही!

आणि हे भाऊबीजेलाही संपत नाही. महाराष्ट्रात देवदिवाळी मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला, घरच्या घरी होते. काशीची देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेला, साऱ्या घाटांवर. ते दिवे पाहायला पाहुणे येतात, आणि 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धामाच्या नव्या प्रांगणाचे उद्घाटन झाल्यापासून तर यात्रेकरूंचा ओघ फारच वाढला आहे. म्हणजे एक गृहिणी आश्विन वद्य द्वादशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जवळजवळ अखंड उभी असते. दोन्ही परंपरा सुंदर आहेत, एकही सोडावी असे मला वाटत नाही. पण दोन प्रांतांच्या याद्यांची बेरीज एकाच बाईच्या खांद्यावर, आणि एकाच पगारावर पडते, हे आपण मोकळेपणाने कधी बोललो नाही. सणाच्या दिवशी थकले म्हणणे अशुभ, परवडत नाही म्हणणे त्याहून अशुभ. मग भाऊबीजेच्या रात्री डोके का दुखते, रक्तदाब का वाढतो, आणि मुलांवर विनाकारण हात का उगारला जातो, याचे कारण आपण पित्तात शोधतो.

वस्तुतः धनत्रयोदशी हा कोणाचा दिवस? शब्दातील 'धन' आपल्याला इतके आवडले की दिवसाचा देव मागे पडला. हा धन्वंतरीचा दिवस, वैद्याचा दिवस. आपल्या जुन्या घरांत त्या दिवशी धने आणि गूळ एवढाच नैवेद्य असे आणि संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावीत. भारत सरकारने 2016 पासून याच तिथीला आयुर्वेद दिन पाळण्यास आरंभ केला. 2025 पासून मात्र तो 23 सप्टेंबर या ठरावीक तारखेला असतो. म्हणजे सरकारी पंचांगातूनही वैद्यबुवा दिवाळीच्या गर्दीतून बाहेर पडले. एका अर्थी त्यांची सुटकाच झाली म्हणायची!

काशीकरांना तर हे विस्मरण विशेष शोभत नाही. सुश्रुतसंहितेत शल्यशास्त्राचा उपदेश करणारा धन्वंतरी हा काशिराज दिवोदास आहे. मृत्युंजय महादेवाच्या आवारातील विहिरीला आजही धन्वंतरीचे नाव आहे. त्या संहितेत निरोगी माणसाचे जे लक्षण सांगितले आहे त्यात दोष, अग्नी, धातू यांची समता तर आहेच, पण आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असणे हीही अट आहे. चरकाने शरीराचे जे तीन उपस्तंभ सांगितले त्यांत आहाराच्या लगोलग निद्रेचे नाव येते. आता आपण दिवाळीचा आठवडा डोळ्यांपुढे आणावा. रात्री एकपर्यंत कढईपुढे, पहाटे चारला अभ्यंगस्नानाची तयारी, दुपारी बाजार. ज्या देवतेची पूजा करायची, तिच्या शास्त्राची अवज्ञा तिच्याच सणात अशी घडते.

आणखी एक उदाहरण आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. अन्नपूर्णेच्या सुवर्णमूर्तीचे दर्शन वर्षातून एकदाच, धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत खुले होते. त्या वेळी भाविकांना 'खजाना' म्हणून नाणे आणि लाह्या मिळतात, त्या आपण तिजोरीत वा धान्याच्या डब्यात वर्षभर ठेवतो. सारी काशी ज्या दिवशी विकत घेण्यासाठी धावते, त्या दिवशी ही देवी एक नाणे हातावर ठेवून घरी पाठविते. माझ्या मते धनत्रयोदशीची सर्वांत मोठी खरेदी हीच, आणि तिला मोल पडत नाही. रांगेत मात्र तासन्‌तास उभे राहावे लागते, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा काही घेऊच नये काय? तसे मी मुळीच म्हणणार नाही. काशीपुऱ्यात आणि ठठेरी बाजारात ज्यांच्या हातोडीचा आवाज ऐकत आपली मुले मोठी झाली, त्या कसेऱ्यांचे वर्ष या एका सणावर पुष्कळसे अवलंबून असते. खोजव्यातील लाकडी खेळणी करणारे कारागीर, मातीच्या मूर्ती घडविणारा कुंभार, मदनपुऱ्याचे विणकर, सर्वांची हीच स्थिती. आपल्या मनःशांतीसाठी त्यांची चूल थंड ठेवणे हा संयम नव्हे. रात्री बारा वाजता भ्रमणध्वनीवर बोट फिरवून मागविलेली, सवलतीत मिळाली म्हणून घेतलेली आणि हप्त्यांनी फेडावयाची जी वस्तू असते, तिच्याविषयी माझे भांडण आहे. तिचा ना कसेऱ्याला उपयोग, ना झोपेला.

पाहुण्यांच्या साड्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण तो काशीकर मराठी स्त्रीचा खास ताण आहे. पूर्वीचा यात्रेकरू येथून काय नेई? मोहोरबंद केलेला गंगेचा गडू, काळभैरवाचा काळा दोरा, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर पितळेची अन्नपूर्णा, जी गौरीहर पुजून ती सासरी नेणार असे. गावी जाऊन मावंदे घातले की यात्रा पुरी होई. आज दिवाळीच्या तोंडावर दूरध्वनी येतो : "ताई, चार बनारसी बघून ठेवा हं, खऱ्या, पण स्वस्त." हातमागावरील खऱ्या साडीला पंधरा दिवस ते महिना, भरगच्च जरीकामाला त्याहूनही अधिक काळ लागतो. 2009 साली बनारसी वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी यंत्रमागाची नक्कल तिच्याच नावाने विकली जाते. मग आपण तीन दुपारी कुंजगलीत चढउतार करावयाची, आणि शेवटी दराविषयी शंका आपल्यावरच यावयाची! यावर माझे स्पष्ट मत असे की, ज्यांना साडी हवी त्यांनी स्वतः यावे, दिवाळीत येऊ नये, आणि एकच घ्यावी. माघात बाजार निवांत असतो, विणकराशी चार शब्द बोलता येतात. हे उत्तर आप्तांना देताना जीभ अडखळते हे मी जाणते. पहिल्या वर्षी राग येईल. दुसऱ्या वर्षी त्या माघात येतील.

घरातील यादीविषयी काही वडीलधाऱ्या स्त्रियांनी एक रीत पाळलेली मी पाहिली आहे, ती मला पटते. त्या यादी एकट्याने करीत नाहीत. द्वादशीच्या आधी घरातील सर्वांना बसवून ती मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कोण आणणार त्याचे नाव लिहितात. ज्या वस्तूपुढे कोणाचेही नाव येत नाही, ती त्या वर्षी येत नाही. असे केल्यावर भांडे एकच, पण वर्षभर वापरण्याजोगे येते. दिवाणखान्याचे नवे पडदे मात्र बहुधा राहून जातात, आणि पाहुण्यांच्या ते लक्षातही येत नाही.

आता मंडळापुढे एक विनंती. फराळाचा सर्वांत मोठा शीण चकल्यांचा आणि अनारशांचा. सुवर्णमहोत्सवी वर्षाचे निमित्त करून या दोन जिनसा मंडळाच्या सभागृहात एकत्र कराव्यात. वसुबारसेच्या आधीचा रविवार सोयीचा वाटतो. ज्यांच्या घरी जुना पितळी सोऱ्या आहे त्यांनी तो आणावा, आणि पुरुष सभासदांनी केवळ चव घेण्यास न येता तळणाची एक पाळी सांभाळावी. ज्या वृद्ध भगिनी एकट्या राहतात त्यांचे डबे प्रथम भरावेत. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात आणि गूळ घालून पीठ मुरावे लागते. म्हणून नावे आज, सभा संपताच, चिटणीसांकडे द्यावीत.