वारा, पाणी आणि घराचें तोंड

'फेंग शुई' या चिनी नांवाचा अर्थ अगदीं साधा आहे. 'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. घर कोठें बांधावें, त्याचें तोंड कोणीकडे असावें, त्याच्या पाठीशीं काय असावें आणि समोर काय असावें, याचा विचार करणारी ही चीन देशाची जुनी विद्या. आज मात्र हें नांव निघालें कीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती दुकानांतील मांडणी: दारांत टांगावयाच्या नळ्यांच्या घंटा, पोट सुटलेला हसरा बुद्ध, तोंडांत नाणें धरलेला तीन पायांचा बेडूक आणि पाण्यांत ठेवलेल्या बांबूच्या कांड्या. चीनमधून निघून युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांत शिरलेला हा संसार आतां मराठवाड्यांतील गांवांपर्यंत येऊन पोंचला आहे. त्याच्या जोडीला आपल्याकडील वास्तुशास्त्राचे तक्ते आहेतच. गंमत अशी कीं, या साऱ्या मांडणींतून वारा आणि पाणी हीं दोन्ही नाहींशी झालीं आहेत. आणि बीड जिल्ह्यांत तर घराचा खरा प्रश्न वारा आणि पाणी हाच आहे.

एका देशाची गृहविद्या दुसऱ्या देशांत न्यावयाची, तर तिच्यांतील काय उचलावें आणि काय मागें ठेवावें, हें ठरविण्यासाठीं ती मुळांत कशी जन्मली हें पाहिलें पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या शतकांत होऊन गेलेल्या ग्वो पू या पंडिताच्या नांवावर मोडणारा एक ग्रंथ फेंग शुईचा आधार मानला जातो. त्या ग्रंथाचा विषय घर हा नसून थडग्याची जागा हा आहे. परंतु त्यांतील विचार घरांनाही लागू झाला. भूमींत एक प्राणशक्ति वाहत असते, वारा तिला उधळून लावतो आणि पाणी तिला थोपवून धरतें, अशी ती कल्पना. म्हणून उत्तम जागा ती, जिच्या पाठीशीं उत्तरेस डोंगर आहे, दोन्ही अंगांस टेकड्या आहेत, आणि समोर दक्षिणेस मोकळें मैदान व वळणें घेत जाणारें पाणी आहे.

प्राणशक्तीची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली तरी या नियमाचें मर्म ध्यानांत येण्याजोगें आहे. उत्तर चीनमध्यें हिवाळ्यांत सायबेरियाकडून बर्फगार वारे सुटतात. बीजिंग शहर सुमारें ४० अक्षांशांवर असल्यामुळें डिसेंबरच्या भर दुपारीं तेथील सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम २७ अंशांवर असतो. अशा ठिकाणीं उत्तरेची बाजू बंद करून दक्षिणेकडे तोंड करणारें घर वाऱ्यापासून वांचतें आणि त्याच्या अंगणांत ऊन खोलवर शिरतें. नियम गूढ भाषेंत सांगितला गेला, पण तो त्या भूमीच्या थंडीला दिलेला जबाब होता.

हीच विद्या पश्चिमेकडे गेली तेव्हां काय झालें? हाँगकाँगमध्यें राहणाऱ्या अर्नेस्ट आयटेल या जर्मन मिशनऱ्यानें १८७३ सालीं तिच्यावर इंग्रजींत पुस्तक लिहून तिला चीनमधील निसर्गविज्ञानाचीं मूलतत्त्वें असें म्हटलें. तिचा खरा प्रसार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. अमेरिकेंत लिन युन नांवाच्या आचार्यांनीं जी पद्धति रूढ केली तींत होकायंत्र जवळजवळ बाजूसच पडलें. घराचा नऊ भागांचा आराखडा दिशांवरून न मांडतां प्रवेशद्वारावरून मांडावयाचा, असें ठरलें. कारण उघड होतें. अमेरिकेंतील घर रस्त्याकडे तोंड करून उभें असतें आणि रस्ता कोणत्या दिशेनें जावा हें नगरपालिका ठरविते. ऑस्ट्रेलियांत तर याहून मोठी अडचण आली. तेथें दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. दक्षिणमुखी घर म्हणजे कायमची सावली. तेव्हां दिशा उलट कराव्यात कीं नाहीं, यावर त्या विद्येच्या अनुयायांतच मतभेद झाले. ज्यांची या विद्येवर श्रद्धा होती त्यांनासुद्धां तिच्यांत फेरफार केल्यावांचून चाललें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां बीडकडे वळावयाचें. हें शहर सुमारें १९ अक्षांशांवर आहे. येथें मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य ऐन डोक्यावर येतो, आणि मधल्या काळांत तर तो दुपारीं किंचित् उत्तरेकडेच कललेला असतो. डिसेंबरांतही दुपारचा सूर्य सुमारें ४७ अंश वर असतो. म्हणजे येथें ऊन आंत घेण्याची काळजी नाहीं; तें बाहेर ठेवण्याची आहे. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. घर तापतें तें मुख्यतः छतावरून आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवरून. बीजिंगला जो नियम हितकर, तो येथें जसाच्या तसा लावण्यांत कांहींच अर्थ नाहीं.

बीड, अंबाजोगाई, धारूर या गांवांतील जुन्या वाड्यांनीं या उन्हाला आपल्या परीनें उत्तर दिलें होतें. बाहेरच्या अंगास जाड दगडी भिंती आणि खिडक्या थोड्या. आंत मात्र चौक, चौकाभोंवतीं ओसरी, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेलें माळवद. रात्रीं चौकांत थंड हवा उतरे आणि सकाळीं बराच वेळ ती तशीच राही. दिवसाचें ऊन मातीच्या थरांतून आंत उतरेपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोंवर घरांतील माणसें अंथरुणें घेऊन माळवदावर गेलेलीं असत. वास्तुशास्त्र घराच्या मध्याला ब्रह्मस्थान म्हणतें आणि तें मोकळें ठेवावें असें सांगतें. वाड्याचा चौक हें त्याचेंच रूप. चूल आग्नेयेस असावी, या नियमाचाही असाच अर्थ लावतां येतो. पावसाळ्यांत येथें वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून वाहतो, तेव्हां पूर्वेच्या कोंपऱ्यांतील चुलीचा धूर घरभर न पसरतां बाहेर जातो.

परंतु जुनें तें सर्व शहाणपणाचें, असेंही म्हणतां येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि शेजारच्या लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसें झोंपेंत प्राणास मुकलीं. त्यांना मारलें तें भूमीनें नव्हे, तर घरांनीं. मातींत रचलेल्या दगडी भिंती आणि गळूं नये म्हणून वर्षानुवर्षें माती टाकून जड झालेलीं माळवदें एकदम खालीं आलीं. जें छत उन्हाळ्यांत गारवा देत होतें तेंच काळ झालें. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. तेथें घराची दिशा कोणती, यापेक्षां भिंती एकमेकींशीं बांधलेल्या आहेत कीं नाहींत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. कोणत्याही तक्त्यांत या प्रश्नाला घर नव्हतें.

आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढील अडचण निराळी आहे. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असतो, दार जिन्याकडे उघडतें, मध्यभागीं ब्रह्मस्थानाऐवजीं शेजाऱ्याची सामाईक भिंत येते. अशा घरांत कोणी सल्लागार येऊन स्वयंपाकघर हलवावें, संडास पाडावा, दार फिरवावें असें सांगतो. वर्षानुवर्षांच्या बचतीवर किंवा बँकेच्या कर्जावर घेतलेलें घर पुन्हां फोडलें जातें. तोडफोडींत एखादा खांब किंवा तुळई दुखावली तर धोका साऱ्या इमारतीला पोंचतो. ज्याच्यापाशीं त्याला पैसा नाहीं तो आपलें घरच अशुभ आहे अशा चिंतेंत दिवस काढतो. घरांत आजारपण आलें, मुलाची नोकरी लांबली, कीं दोष दक्षिणेच्या दारावर येतो.

याहून महाग पडणारी गोष्ट पाण्याची. पाणी ईशान्येस असावें, म्हणून बोअर प्लॉटच्या ईशान्य कोंपऱ्यांतच घेण्याचा हट्ट धरला जातो. बीडची भूमि लाव्हाच्या काळ्या खडकाची. तींत पाणी सर्वत्र सारखें नसतें. खडकाच्या कुजक्या थरांत, भेगांत आणि दोन थरांमधील सांध्यांत तें सांपडतें. त्या भेगा कोणत्या कोंपऱ्याखालीं आहेत हें भूगर्भ ठरवितो. या बाबतींत आपल्याच जुन्या ग्रंथकारांनीं अधिक विवेक दाखविला होता. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वास्तुविद्येच्या अध्यायाला लागूनच भूमिगत पाण्याचा शोध सांगणारा अध्याय आहे. त्यांत पाण्याच्या खुणा सांगितल्या आहेत त्या झाडांच्या, वारुळांच्या, मातीच्या आणि दगडांच्या. त्या साऱ्याच आज खऱ्या ठरतील असें नाहीं. पण आधीं जमीन पाहावी, हा त्यामागील दृष्टिकोण निःसंशय खरा आहे.

बीडच्या पूर्वजांनींही जमीनच पाहिली. शहराबाहेरची खजाना विहीर १५८३ सालीं, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या अमदानींत, जहागीरदार सलाबतखान यानें बांधविली. तिची रचना राजा भास्कर यानें केली असें सांगतात. भूमीचा उतार आणि पाण्याचे झरे हेरून बांधलेल्या या विहिरीचें पाणी भुयारी पाटानें शेतांना पुरविलें गेलें. वारा आणि पाणी यांची विद्या म्हणावयाची तर ती हीच.

मग नव्या घरांत या विद्येचें काय घ्यावें? तिनें विचारलेले प्रश्न घ्यावेत, आणि उत्तरें आपल्या जागेवर उभें राहून शोधावींत. दुपारनंतर ऊन कोणत्या भिंतीवर येतें तें पाहावें. तेथें सज्जा, वेल, बांबूची चटई किंवा एखादा लिंब सावली देऊं शकेल. स्लॅबला उन्हाळ्यापूर्वीं चुन्याचा पांढरा हात दिल्यास आंतील खोल्या कमी तापतात. एका खिडकींतून आलेला वारा दुसऱ्या खिडकींतून बाहेर पडतो कीं कपाटाशीं अडतो, हें पाहण्यास होकायंत्र लागत नाहीं. शेगडीचा धूर कोणीकडे जातो तें घरांतील स्त्रियांना सर्वांत आधीं ठाऊक असतें. त्यांचें मत सल्लागाराच्या मतापूर्वीं घ्यावें.

आणि पाण्याचा हिशेब करावा. बीड जिल्ह्यांत वर्षाचा सरासरी पाऊस ६५० मिलिमीटरांच्या आसपास आहे. १०० चौरस मीटरांच्या गच्चीवर तेवढ्या पावसाचें ६५,००० लिटर पाणी पडतें. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें तरी ५२,००० लिटर हातीं येतें. पांच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास माणशीं २० लिटर, म्हणजे रोज १०० लिटर लागतें असें मानल्यास १०,००० लिटरांची एक टाकी शंभर दिवस पुरते. म्हणजे ती फेब्रुवारीच्या अखेरीस भरलेली राखली तर जूनच्या पावसाला गांठ घालून देते. उरलेलें पाणी बोअरभोंवतालच्या जमिनींत मुरवितां येतें. सरासरीचा पाऊस प्रत्येक वर्षीं पडत नाहीं, हें बीडकरांना सांगावयास नको; पण म्हणूनच पडेल तो धरून ठेवण्याची सोय आधीं हवी.

ही टाकी कोणत्या दिशेस असावी, असें कोणी विचारील. छताचा उतार जिकडे असेल, पाया मजबूत असेल, सांडपाण्याचा नळ लांब असेल आणि साफ करण्यास माणूस सहज उतरूं शकेल, त्या दिशेस ती असावी. ती जागा ईशान्येस निघाली तर घरांतील वडील मंडळींचेंही समाधान होईल. न निघाली तरी वैशाखांत तिच्यांतील पाणी तितकेंच उपयोगीं पडेल.