गच्चीवरचा पाइप
(शांती नगर, मीरा रोड येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

पेशी म्हणजे काय ते आठवीत झालंय, तेव्हा पुढे जातो. पेशीच्या अंगावर केसासारखं काहीतरी उगवतं. पुस्तकी नाव पक्ष्माभिका. माझी जीभ अडखळते, म्हणून सिलिया म्हणतो. एकटं असेल तर सिलियम. श्वासनलिकेतल्या हलणाऱ्या सिलिया सोडून द्या. मला बोलायचंय ते बहुतेक पेशींवर असणाऱ्या एकट्या, न हलणाऱ्या सिलियमबद्दल. 1898 मध्ये झिमरमान यांनी त्याचं वर्णन केलं आणि पुढची कित्येक दशकं लोकांनी त्याला निरुपयोगी अवशेष समजून बाजूला ठेवलं. माझा जुना हट्ट आहे: निरुपयोगी म्हणण्याआधी ती वस्तू काढून बघा.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दूरदर्शनचा अँटेना होता तेव्हाची गोष्ट. वारा सुटला की एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं... गेलं!" (हशा) हा अँटेना एका लोखंडी पाइपवर बांधलेला. गणपतीत मंडपाला पाइप कमी पडला की हाच उतरवायचे. दहा दिवस बातम्या बंद. विसर्जन झालं की पाइप परत वर. एका वर्षी मात्र मंडप उतरेचना. नवरात्र आलं, मग कुणाचं तरी लग्न. पाइप खालीच, आणि बाहेर काय चाललंय त्याचा आम्हाला पत्ता नाही.

पेशीचं तसंच. सिलियम म्हणजे तिचा अँटेना. सिलियमच्या बुडाशी सेंट्रिओल असतं. विभाजनाला तेच लागतं, म्हणून पेशी आधी सिलियम आत ओढून घेते आणि काम झालं की पुन्हा उभारते. प्रयोगशाळेत पेशींना उपाशी ठेवलं तर त्या विभाजन थांबवून सिलियम काढतात. आजी, मान डोलावू नका! एकादशीनं कर्करोग बरा होतो, असं मी म्हटलेलं नाही. (हशा)

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर सिलियम क्वचितच सापडतं. मंडप उतरतच नाही, विभाजन थांबतच नाही. याहून गमतीचा प्रयोग 2022 साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथून प्रसिद्ध झाला. उंदरांच्या आतड्यात अस्तराखाली आधार देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यावरचीच सिलिया कमी केली. आतड्याला दाह आणि गाठी होण्याचं प्रमाण वाढलं. अँटेना शेजाऱ्याचा गेला आणि गाठ आमच्या घरात! सिलियम बांधायला माल वाहून नेणारी किनेसिन-2 नावाची प्रथिनांची मोटर लागते. त्या प्रयोगात एका जातीच्या उंदरांत तिचाच भाग काढला होता. याच मोटरवर आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृशानु राय यांनी फळमाशीत काम केलंय. कुलाबा म्हणजे चर्चगेटच्या पुढे, रोजचाच रस्ता.

चिठ्ठी आलीय: सिलियम गेलं म्हणून कर्करोग, की कर्करोग झाला म्हणून सिलियम गेलं? माणसाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आणि माझ्याविरुद्धचा पुरावा मीच देतो. लहान मेंदूतल्या काही गाठींना वाढायला सिलियम लागतंच, कारण वाढीचा हुकूम तिथूनच आत... संयोजक घड्याळ दाखवतायत. नेमकं आत्ताच! (हशा)

बरं, आतड्याच्या कर्करोगावरून एवढंच सांगतो. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे "मूळव्याध असेल" म्हणून विषय संपतो. बघितल्याशिवाय संपवू नका, डॉक्टरांना दाखवा. लाज वाटत असेल तर मला हाक मारा. मागच्याच गल्लीत राहतो, सोबत येईन.