रेंज कुठे संपते?



 

1 ऑक्टोबर 2022 ला देशात फाइव्ह-जी सुरू झालं, तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी जाहीर झालेल्या 13 शहरांत पुणे होतं. तरीही पुण्याला लागून असलेल्या पिंपळे गुरवच्या गल्ल्यांत तळमजल्यावरच्या खोलीतला माणूस बोलता बोलता गॅलरीत येतो. दोष फोनचा नाही. फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. भिंतीला भिंत लागून उभ्या इमारतींतलं काँक्रीट ती शोषून घेतं. शिवाय टॉवर एक आणि त्यावर संध्याकाळी व्हिडिओ पाहणारे हजारो. इथे टॉवर उंच करून भागत नाही. दिव्याच्या खांबांवर छोटे अँटेना लावावे लागतात. प्रत्येकाला फायबर हवी, वीज हवी, पालिकेची आणि सोसायटीची परवानगी हवी. अशा परवानग्यांचे, म्हणजे मार्गाधिकाराचे, नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले, पण सोसायटीच्या सभेत शंकांना उत्तरं द्यायला नियम जात नाहीत, इंजिनिअरला जावं लागतं. आज पदवी घेणाऱ्यांनो, हा विषय तुमच्या अभ्यासक्रमात नव्हता, मला ठाऊक आहे.

आता पुणे जिल्ह्यातला खेड तालुका घ्या. पूर्वेला चाकण, जिथे कारखान्यांतल्या यंत्रांना मिलिसेकंद मोजून सिग्नल हवा. त्याच तालुक्यात पश्चिमेला भीमाशंकरचे डोंगर. तिथे 700 मेगाहर्ट्झची 43 सेंटिमीटरची लांब लहर दूरवर जाते, पण सह्याद्रीची धार आडवी आली की तीही थांबते. माणसं विखुरलेली, ग्राहक थोडे, म्हणून कंपनीचा हिशोब बसत नाही. हा हिशोब सरकारी पैशाशिवाय कधीच बसणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न फक्त सोयीचा नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला हे कळलं ते एसटीच्या चालकामुळे. रोजच्या जागी त्याला गावच दिसलं नाही. आज सेल ब्रॉडकास्टची सोय आहे. टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनवर इशारा एकाच वेळी वाजतो, नेटवर्कवर कितीही गर्दी असली तरी. मात्र त्यासाठी टॉवर जिवंत हवा. घाटात मुसळधार पावसात आधी वीज जाते, मग बॅटरी संपते, आणि डिझेल घेऊन निघालेली गाडी रस्ता खचल्यामुळे अडकते. नेमकी गरज असते तेव्हाच टॉवर गप्प.

27 सप्टेंबर 2025 ला सुमारे 97,500 स्वदेशी फोर-जी टॉवर देशाला अर्पण झाले, त्यांतले बहुतेक बीएसएनएलचे. रेडिओ तेजस कंपनीचा, गाभा सी-डॉटचा, जुळणी टीसीएसची. म्हणजे यंत्रणा आपण बनवू शकतो, याबद्दल वाद उरलेला नाही. सिक्स-जीचे आराखडेही निघाले आहेत आणि त्यांत सर्वाधिक वेगाचे आकडे ठळक छापले जातात. मला त्यांचं फारसं कौतुक नाही. नेटवर्कचा दर्जा त्याच्या शेवटच्या टोकावर, सर्वांत वाईट दिवशी तपासावा.

तुमच्यातले बरेच जण आता मुलाखतींना जातील. तिथे वेगाबद्दल खूप ऐकवलं जाईल. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ असं म्हणतील, तेव्हा पगाराआधी एवढं विचारा: वीज गेल्यावर तुमचा घाटातला टॉवर किती तास चालतो?