प्रांतांनी निवडलेला पंतप्रधान

जपानमध्ये पंतप्रधानाची निवड संसद करते. पण संसदेत लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा वरचष्मा असला, की खरी लढत पक्षाध्यक्षपदासाठीच होते. 2001 च्या एप्रिलमधल्या अशाच लढतीत र्‍युतारो हाशिमोतो यांच्यामागे पक्षातला सर्वांत मोठा गट होता. जुनिचिरो कोइझुमी यांचं मतांचं गणित कच्चं. याआधी 1995 आणि 1998 मध्ये ते हरलेलेच होते.

त्या वर्षी मात्र खासदारांसोबत मत देणार्‍या प्रत्येक प्रांताला एकाऐवजी तीन मतं मिळाली. म्हणजे 47 प्रांतांची मिळून 141. बहुतेक प्रांतांत नियम असा, की पक्षाच्या सामान्य सदस्यांत जो पहिला, त्याला तिन्ही मतं. कोइझुमींनी नेमकं हेच हेरलं. आपला गट सोडून ते खासदार माकिको तानाका यांच्यासह रस्त्यावर सभा घेत फिरले. पक्ष बदलेन, नाहीतर मोडून टाकेन, असं बजावत राहिले. ऐकणार्‍यांत मत नसलेलेच जास्त. पण त्या गर्दीची हवा सदस्यांपर्यंत पोचत होती.

प्रांतांतली 123 मतं कोइझुमींना, हाशिमोतोंना अवघी 15. हे निकाल आधी लागले, त्यामुळे खासदारांची पंचाईत झाली. आपल्याच मतदारसंघातल्या कार्यकर्त्यांविरुद्ध कोण जाणार? 24 एप्रिलला कोइझुमी 298 विरुद्ध 155 मतांनी जिंकले आणि दोनच दिवसांनी पंतप्रधान झाले.