कोल्हापूर ते तिरुपती : दोन वाटा, दोन हिशेब

दर नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून कोल्हापूरच्या अंबाबाईला शालू येतो, आणि आपल्याकडचे भाविक बालाजीला निघतात ते हरिप्रिया एक्सप्रेसनं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून तिरुपती सरळ रेषेत सुमारे 650 किलोमीटर. रेल्वेनं मात्र 900च्या घरात! कारण गाडी मिरज, बेळगाव करत आधी लोंड्याकडे, म्हणजे दक्षिणेला वळते. हुबळीनंतर कुठे नीट पूर्वेची वाट धरते. या सगळ्या प्रवासात वीसेक तास जातात. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानाला सरळ रेषेतलं अंतर दीडेक तासाचं, चढण-उतरण धरून. विमानतळावर आधी पोचायचा वेळ वेगळा, तो आपला आपण मोजायचा. शिवाय तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याजवळ आहे. तिथून तिरुमलाचा डोंगर चढायला पुन्हा गाडी लागतेच.