घरच्या घरी विमान

परवा आमच्या शेजारचे एक गृहस्थ जरा तणतणतच आले. मुलाची बारावीची परीक्षा संपली, त्याला वैमानिक व्हायचं आहे, म्हणून त्यांनी त्याच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर घालून दिला आणि एक बऱ्यापैकी जॉयस्टिकही आणली. चार दिवस झाले, विमान काही धावपट्टीवर सरळ धावेना. वेग घेतला की डावीकडे गवतात. वडील म्हणाले, "माल खोटा निघाला. मुदत आहे तोवर परत करतो." मुलगा मात्र हळूच मला म्हणाला, "काका, मलाच जमत नाहीये बहुतेक."

मला वडिलांच्या पैशांपेक्षा मुलाच्या त्या वाक्याची काळजी अधिक वाटली, म्हणून मी उठून गेलो.

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाने १९२९ साली असं यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. तिथलेच भाते वापरून त्याने एक खोटं विमान डोलवलं. लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून सोडून दिलं. पुढे १९३४ मध्ये टपाल वाहून नेताना सैन्याचे वैमानिक खराब हवेत पटापट मरू लागले, तेव्हा सरकारने त्यातली सहा यंत्रं विकत घेतली. घरच्या कॉम्प्युटरवर ही करामत आणली ब्रूस आर्टविक यांनी, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने ती आपल्या नावाने बाजारात आणली. असो.

आता ते डावीकडे ओढणं. पहिली गोष्ट ही की, त्यातला निम्मा भाग दोष नव्हेच! एका पंख्याचं सेस्ना १७२ घ्या. आत बसून पाहिलं तर त्याचा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा विमानाभोवती पिळा घेत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डाव्या बाजूने आदळते. शेपूट उजवीकडे ढकललं जातं, म्हणजे नाक डावीकडे वळतं. खरा वैमानिक उजवा पाय दाबून ते सावरतो. पायाची पेडल्स नसतील तर जॉयस्टिक उजवीकडे पिळायची. हे मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण एवढं करूनही विमान जरा जास्तच ओढत होतं. तेव्हा म्हटलं, आता यंत्राची नाडी पाहू. विंडोजमध्ये गेम कंट्रोलर तपासण्याची एक छोटी खिडकी असते. ती उघडायची, जॉयस्टिकवरचा हात काढून घ्यायचा आणि नुसतं बघत बसायचं. फुली मधोमध स्थिर असेल तर ठीक. ती थरथरत असेल तर आतल्या पोटेन्शिओमीटरची पट्टी झिजली आहे किंवा तीवर धूळ बसली आहे असं समजावं. (चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या जॉयस्टिकला ही झीज नसते, म्हणून ती महाग.) थरथर थोडी असेल तर मध्यभागी थोडासा निष्क्रिय पट्टा ठेवता येतो. तो मात्र कंजूषपणे ठेवा. काहीजण भसकन मोठा ठेवतात, आणि मग उतरताना जी बोटभर हालचाल हवी असते तीच नेमकी यंत्राला कळत नाही.

इथे फुली अगदी शांत होती. म्हणजे जॉयस्टिक निर्दोष. मग मी सिम्युलेटरमधली रडरची नोंद उघडली, तर रडरला धनी दोन! एक जॉयस्टिक आणि दुसरा गेमपॅड. नवीन काही जोडलं की सिम्युलेटर आपण होऊन त्याला कामं वाटून देतो, जुन्याची काढून घेत नाही. गेमपॅड कुठे आहे विचारलं तर मुलगा शोधू लागला. टेबलाच्या कोपऱ्यात, वायर लावलेल्या अवस्थेत तो सापडला, आणि त्याच्या डाव्या खटक्यावर भौतिकशास्त्राचं जाडजूड पुस्तक रेलून बसलं होतं. चार दिवस ते पुस्तकच डावा पाय दाबून विमान चालवत होतं!

पेडल्स घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. पूर्ण शक्ती देऊनही विमान जागचं हलत नसेल तर ब्रेकची दिशा उलटी नोंदली गेली आहे का ते पाहा. तसं असेल तर पाय उचलला की ब्रेक लागतो.

चित्र अडखळत असेल तर लगेच नवं ग्राफिक्स कार्ड आणायला धावू नका. चित्राचं रिझोल्यूशन खाली आणून बघा. गती वाढली तर भार ग्राफिक्स कार्डावर आहे. काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसर दमला आहे, आणि मग विमानतळावरची गर्दी कमी केल्याने गुण येतो. बाहेरून आणलेली विमानं नि देखावे यांचा संशय असेल तर सगळी बाजूला काढा. दोष गेला, की निम्मी परत घाला. एकच लबाड असेल तर चाळीसांतूनही तो सहा फेऱ्यांत हाती लागतो. मात्र एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत टिपा. आमच्याकडे सगळे एकदम दहा बटणं फिरवतात आणि मग कशाने बरं झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

घरच्या या उड्डाणाचे तास परवान्याच्या हिशेबात धरत नाहीत, हे मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण लक्ष पडद्याकडे होतं. मुलाने गेमपॅडची वायर काढली, जुहूची २६ क्रमांकाची धावपट्टी निवडली, जॉयस्टिक किंचित उजवीकडे पिळून धरली आणि विमान समुद्रावर गेलं. उतरताना ते तीनदा उसळलं. वडील म्हणाले, "हा कशाचा दोष?" मुलगा म्हणाला, "हा माझा. पुन्हा करतो."

जॉयस्टिकचं खोकं वडिलांनी माळ्यावर टाकलं.