शंभर गाड्या दगड, चार गाड्या माल
(चाकूर येथील बैठकीत केलेले भाषण)



सकाळी एका मामांनी विचारलं, खाणीचा खड्डा एकीकडं, मग त्याच्या बाहेरची एवढी जमीन कंपनीला कशाला लागते? त्याचं सांगते. इथं चाकूरला आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, तांब्याची खाण नाही. पण गोंदियाच्या पलीकडं बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड आहे. गोंड-बैगांचा मुलूख. तिथं हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची खाण 1982 पासून चालू आहे. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासन्याला जमिनीत तांबं असल्याचं भूगर्भ खात्यानं शोधून ठेवलंय.

मलाजखंडच्या दगडात तांबं शेकडा एकाच्या आसपास, तेही गंधकाशी बांधलेलं. एवढं थोडं तांबं भट्टीला परवडत नाही. म्हणून आधी दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात. त्यात झँथेट नावाचं रसायन टाकतात, टनाला काही ग्रॅमच. ते गंधकवाल्या कणाला चिकटतं आणि त्या कणाचं अंग अळूच्या पानासारखं होतं, पाणी धरत नाही. साध्या दगडाचा कण ओलाच राहतो. मग खालून हवा सोडतात, फेस टिकावा म्हणून पाइनचं तेल घालतात. कोरडे कण बुडबुड्याला धरून वर येतात. आपण ताक घुसळून लोणी काढतो, तसा वरचा फेस काढून घ्यायचा. लोखंड-गंधकाचा कणही वर यायला बघतो, त्याला खाली दाबायला चुना. शाळेच्या पुस्तकात ही रीत फेनतरण म्हणून आहे. डोक्यानं केलेलं काम आहे, मी त्याला नावं ठेवत नाही.

पण पुस्तक फेसाजवळ थांबतं. आपण खाली बघायचं. फेसाच्या मालात तांबं शेकडा पंचवीसच्या आसपास. म्हंजे शंभर गाड्या दगडातून चार गाड्या माल, तेही सगळं तांबं वर आलं तर. उरलेल्या शहाण्णव गाड्या बारीक गाळ तिथंच राहतो. कालवायला पाणी दगडाच्या वजनाच्या दुप्पट तरी लागतं. हा गाळ बांध घालून साठवतात. जमीन तिथं लागते, मामा! आणि गाळातल्या लोखंड-गंधकाला हवा-पाणी लागलं की त्याचं तेजाब होऊ शकतं. त्यात उरलंसुरलं तांबं विरघळतं आणि पावसाळ्यात नाल्याला उतरतं. खाण बंद पडली तरी हे थांबत नाही.

1996 च्या पेसा कायद्यात जमीन घेण्याआधी गावाला विचारायचं आहे. चाकूर अनुसूचित क्षेत्रात नाही, किनवटची बरीच गावं आहेत, त्यांनी ध्यानात धरा. साहेब येतील, नोकऱ्यांचं सांगतील. त्यांना नकाशा पसरायला लावा आणि गाळाच्या बांधाची जागा बोटानं दाखवायला सांगा. कोणत्या नाल्यावर? गावाच्या वर का खाली? पाणी कुठनं उचलणार? खाण संपल्यावर बांधाची राखण कोण करणार? सांगितलेलं ग्रामसभेच्या वहीत लिहा, खाली साहेबांची सही घ्या. सहीला का-कू केली, तर तेही वहीत लिहा.